बेळगावात नवीन शिकायला आलायसा? मग रात्री बाहेर पडायच्या आधी एवढं वाचा

दरवर्षी ॲडमिशनं संपून कॉलेजं सुरू झाली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. कधी चंदगडचा मावसभाऊ, कधी निपाणीच्या मित्राचा धाकटा, एकदा तर सावंतवाडीवरनं आला होता. पाच मिनिटं मेस कुठली बरी, रूमभाडं किती, बसपास कसा काढायचा असं सगळं बोलून झालं की मग आवाज खाली करून विचारतात, दादा, तिथं पब-बिब, क्लब-बिब काय हाय काय? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढावं म्हटलं. मी येळ्ळूरचा, कॉलेज उद्यमबाग साईडला केलं आणि चार वर्षं टिळकवाडीतल्या मित्रांच्या रूमवर घरच्यापेक्षा जास्त असायचो, त्यामुळं इथल्या रात्री चांगल्या पण बघितल्यात आणि नको त्या पण बघितल्यात.

पहिली गोष्ट म्हणजे मुंबई-बेंगळुरात असतात तसले उशिरापर्यंत चालणारे नाईटक्लब बेळगावात नाहीत, ती अपेक्षा घेऊन येऊ नका. इथं आहेत ते बार अँड रेस्टॉरंट, थोडेफार लाउंज आणि रूफटॉप, आणि भरपूर खायच्या जागा. साडेअकराच्या आसपास बारची शटरं पडायला लागतात आणि बारा वाजता काँग्रेस रोडवर कुत्री सोडून कोण दिसत नाही. मला विचाराल तर यात काही कमी नाही, सात-साडेसातला निघालं की चार तास मिळतात आणि मित्रांबरोबर बसायला चार तास खूप झाले.

आधी वय बघा

कर्नाटकात दारू विकत घ्यायला आणि बारमध्ये प्यायला २१ पूर्ण लागतात. महाराष्ट्रातनं येणाऱ्या पोरांचा इथं घोळ होतो कारण तिकडं बिअर-वाईनला २१ आणि व्हिस्की-रमला २५, शिवाय परवाना लागतो, आणि गोव्याची पोरं येतात त्यांना १८ ची सवय. तुम्ही गावाकडनं काय शिकून आलाय ते इथं चालत नाही, तुम्ही बसलाय कर्नाटकात तर नियम कर्नाटकाचा. म्हणजे फर्स्ट इयर, सेकंड इयरची जवळपास सगळी पोरं यात बसतच नाहीत, आणि कुठल्या तरी बारमध्ये कोण विचारत नाही म्हणून ते कायदेशीर होत नाही. सिनियरचं आधार कार्ड घेऊन जाणं हा प्रकार तर अजिबात करू नका, दुसऱ्याच्या कार्डावर स्वतःला खपवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो तुमच्याबरोबर त्या सिनियरच्या पण गळ्यात येतो.

२१ च्या खाली असाल तर रात्री बाहेर पडायचंच नाही असं कुठं आहे, बिर्याणी खायला जा, नियाजमध्ये जा की, कॅम्पात फिरा, खडेबाजारात फिरा, गोवावेसला उभं राहून काय पाहिजे ते खा. आमच्या ग्रुपमध्ये सातातले तीन जण कधीच पीत नव्हते आणि सगळ्यात जास्त वेळ टेबलावर तेच बसायचे. त्यांना कधी कोणी आग्रह केला नाही, हा नियम आम्ही पहिल्या सेमिस्टरलाच केला होता, आणि बिलाच्या वेळी दारूचा खर्च त्यांच्या काँट्रीत धरायचा नाही हा दुसरा. हे दोन नियम तुमच्या ग्रुपमध्ये आल्या-आल्याच करून टाका, नंतर करायला गेलं की मनं दुखावतात.

निघायच्या आधी परत कसं यायचं ते ठरवा

माझ्या मते सगळ्या रात्रीतलं सगळ्यात मोठं काम हेच आणि ते संध्याकाळी सहा वाजता, डोकं ताजं असताना करायचं. जाताना सगळ्यांना उत्साह असतो, टू-व्हीलर काढल्या की दहा मिनिटांत पोचतो, पण येताना कोण चालवणार याचा विचार कोण करत नाही. सिटी बस रात्री लवकर आटोपतात, सीबीटी म्हणजे मेन बसस्टँडला जाऊन उभं राहिलं तरी मच्छे किंवा नेहरूनगर साईडला काही मिळेल याची खात्री नाही. ॲपवर रिक्षा कधी मिळते कधी नाही. इथले रिक्षावाले मीटरवर क्वचितच येतात, रात्री तर भाडं बोलूनच घ्यावं लागतं, म्हणून ओळखीच्या एका रिक्षावाल्या काकांचा नंबर ठेवायचा, त्यांना आधीच सांगायचं की अकराला अमुक ठिकाणी या आणि भाडं तेव्हाच ठरवून टाकायचं. अनगोळ नाक्यावरचे एक काका आम्हाला चार वर्षं असेच नेत-आणत होते, सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटं आधी येऊन थांबायचे आणि एखादा जण जास्त झालेला दिसला की बाकीच्यांना सांगायचे, ह्याला मधी बसवा, दोन्ही बाजूनं धरा.

हॉस्टेलवर राहात असाल तर गेट किती वाजता बंद होतं ते बघूनच दिवस ठरवा. उशीर होणारच असेल तर मित्राच्या रूमवर झोपा आणि तसं वॉर्डनला आधी कळवा. कंपाउंडवरनं उडी मारून आत जाणाऱ्या आमच्या एका मित्राचा मनगटाचा हाड मोडला, तो परीक्षेत डाव्या हातानं पेपर लिहायचा प्रयत्न करत होता, सहा आठवडे प्लास्टर होतं. पीजीवर असाल तर मालकांना खरं सांगा. टिळकवाडी, शहापूर, वडगाव भागातले घरमालक कडक असतात पण खरं बोलणाऱ्या पोराला दार उघडून देतात, हे मी अनुभवानं सांगतोय.

कुठल्या जागेत काय असतं

बाहेरनं आलेल्यांना पहिल्यांदा पाट्याच कळत नाहीत. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, त्यामुळं वरती मोठं कन्नड आणि खाली बारीक इंग्रजी, मराठी असली तर असली. महाराष्ट्रात परमिट रूम, बिअर बार असं लिहिलेलं असतं ते इथं दिसणार नाही, इथं सरळ बार अँड रेस्टॉरंट असतं.

वाईन शॉपमध्ये फक्त विकत मिळतं, तिथंच दारात उभं राहून प्यायला परवानगी नसते. एमएसआयएल म्हणून सरकारी कंपनीची दुकानं आहेत, तिथं एमआरपीनं मिळतं. कर्नाटकात ९० मिलीची कागदी पाकिटं मिळतात, सगळे त्याला नाइन्टी म्हणतात, नवीन पोरांना ते ज्यूससारखं वाटतं आणि स्ट्रॉ घातल्यासारखं भराभर संपवतात, पण त्यात तीन स्मॉल पेग आहेत हे लक्षात ठेवा. कुठलीही बाटली घेताना टोपणावरचं एक्साईजचं लेबल फाटलेलं नाही ना एवढं बघायची सवय लावून घ्या, कोणीतरी पिशवीतनं स्वस्तात देतंय म्हणून तर कधीच घेऊ नका.

बार अँड रेस्टॉरंटमध्ये दर एमआरपीपेक्षा जास्त असतात, ते तसंच असतं, त्यावरनं वेटरशी वाद घालू नका. बऱ्याच ठिकाणी खाली नॉन-एसी, वरती एसी आणि बाजूला फॅमिली सेक्शन असतो आणि तीच बाटली वरती गेली की महाग होते, म्हणून बसायच्या आधी कुठल्या सेक्शनचं मेनू कार्ड आहे ते विचारा. नवीन असाल तर रात्री आठच्या आत जा, तेव्हा गर्दी कमी असते, जागा बघता येते, पटलं नाही तर उठून जाता येतं. फॅमिली सेक्शनमध्ये खरंच फॅमिल्या बसलेल्या दिसल्या तर ती जागा बरी समजायची, माझा हा एकच हिशेब चार वर्षांत कधी चुकला नाही.

लाउंज आणि रूफटॉपवर शनिवारी-रविवारी डीजे असतो. बऱ्याच ठिकाणी नुसत्या पोरांच्या ग्रुपला आत घेत नाहीत, आणि कव्हर चार्ज असला तर त्यातनं खाणं-पिणं वळतं होतं की नाही ते दारातच विचारून घ्यायचं, आत गेल्यावर विचारून उपयोग नाही. उघड्यावर लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचा नियम आहे, त्यामुळं रूफटॉपवर दहा वाजता आवाज उतरतो. नाचायचं असेल तर लवकर जा, साडेनवाला पोचून अर्ध्या तासासाठी पैसे भरलेली पोरं मी बघितलीत.

मग राहिले हायवेचे धाबे. पुणे-बेंगळूर हायवेवर काकतीच्या बाजूला आणि इकडं हलगा-बस्तवाड साईडला जेवायला चांगले धाबे आहेत, जेवायला जरूर जा. पण तिथं प्यायचं म्हणाल तर माझा स्पष्ट विरोध आहे. सुप्रीम कोर्टानं २०१६ च्या डिसेंबरात निकाल दिला आणि २०१७ च्या एप्रिलपासून शहराबाहेर हायवेलगतच्या दारूविक्रीवर बंधनं आली, म्हणजे जिथं स्टीलच्या ग्लासातनं गुपचूप आणून देतात तिथं बहुतेक लायसन नसतं, धाड पडली की टेबलावर बसलेले पण सापडतात. आणि त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे तिथनं परत यायचं ते टू-व्हीलरवर, ट्रकांच्या मधनं, पावसाळ्यात तर बेळगावचा पाऊस तुम्हाला माहीत नाही अजून, एकदा लागला की समोरचा दिवा पण दिसत नाही.

टेबलावर बसल्यावर

आधी जेवण सांगा मग बाकीचं सांगा. नुसत्या शेंगदाण्यावर आणि मसाला पापडावर बसणारे सगळ्यात आधी आडवे होतात. उकडलेली अंडी, चिकन सुक्कं, रोटी, काहीतरी भरीव पोटात गेलं पाहिजे आणि पाण्याची बाटली टेबलावर सतत पाहिजे.

आता जरा हिशेब, कारण हा कोणी शिकवत नाही. बिअर म्हणजे हलकी असा समज आहे. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ६५० मिलीची, त्यात ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असतं, म्हणजे ५२ मिली. व्हिस्कीचा लार्ज ६० मिलीचा, त्यात ४२.८ टक्के, म्हणजे साधारण २६ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली बरोबर दोन लार्ज, नाहीतर चार स्मॉल. आणि शरीर ते काढून टाकतं तासाला साधारण एक स्मॉल, त्यात लिंबूपाणी, कॉफी, आंघोळ, ओकारी यांनी काही फरक पडत नाही, झोपून उठलं तरी घड्याळ आपल्या गतीनंच चालतं. आठला सुरुवात करून अकरापर्यंत दोन स्ट्राँग बाटल्या मारल्या तर आठ तास धरा, पहाटे चार वाजतात, आणि बारीक अंगाच्या पोराला किंवा पोरीला त्याहून जास्त. सकाळी आठच्या लेक्चरला गाडी काढायच्या आधी हा हिशेब करा. तोंडाला वास येत नाही म्हणजे उतरली असं नसतं.

पहिल्यांदा पीत असाल तर एक प्रकार धरा, बिअर तर बिअर, आणि एक बाटली दोघांत घ्या. बाजूच्या टेबलाबरोबर स्पर्धा लावू नका. नको असेल तर नको म्हणा, परत म्हणा, तिसऱ्यांदा पण विचारलं तर उठून हात धुवायला जा. मित्र म्हणून आग्रह करणाऱ्याला मी मित्र समजत नाही.

बिल आलं की वाचा. दारूवर जीएसटी नसतो, जीएसटी फक्त जेवणाच्या भागावर लागतो, त्यामुळं सगळ्या रकमेवर एकत्र जीएसटी लावला असेल तर शांतपणे मॅनेजरला दाखवा, बऱ्याच वेळा चूक असते आणि दुरुस्त करून देतात. बाटल्या टेबलाखाली मोजून ठेवायची जुनी पद्धत चांगली आहे, लाज वाटायचं कारण नाही.

बोलायचं कसं

वेटर लोकांना मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही येतं, बिनधास्त मराठीत बोला. पण चार शब्द कन्नडचे आले तर फरक पडतो, समोरचा माणूस हसतो आणि तुमचं टेबल लक्षात ठेवतो. किती झाले ला एष्ट्री, बास ला साक्री, नको ला ब्याड्री, बिल द्या ला बिल कोड्री. शेवटचा तो री म्हणजे आपलं अहो-जाहो, तो सोडू नका. वेटर वयानं मोठा असेल तर अण्णा किंवा मामा म्हणा. ए वेटर म्हणून टाळी वाजवून बोलवणारा मुलगा मला तरी टेबलावर नको असतो, तो माणूस दुपारपासून उभा आहे.

आणि एक नाजूक गोष्ट. मी मराठी माणूस आहे, सीमाप्रश्नावर माझं मत पक्कं आहे आणि ते मी लपवत नाही. पण बारचं टेबल ही ते मांडायची जागा नाही. १ नोव्हेंबरला इकडं राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि आपली माणसं काळा दिन पाळतात, डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की गावात पोलीसच पोलीस असतात. त्या दिवसांत रात्री ग्रुपनं फिरू नका, घोषणा, स्टेटस, बाजूच्या टेबलाशी भाषेवरनं शब्दाला शब्द, यातलं काही नको. तुम्ही इथं डिग्री घ्यायला आलाय, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलंय, एफआयआरमध्ये नाव आलं तर पुढं पासपोर्ट आणि नोकरीच्या वेळी ते कागद परत परत समोर येतात. आणि खरं सांगू, माझे दोन जवळचे मित्र कन्नड बोलणारे आहेत, एक गोकाकचा आणि एक बैलहोंगलचा, आमच्यात या विषयावर दिवसा चहाच्या टपरीवर चांगल्या तास-तास चर्चा झाल्यात, कधी हात उचलायची वेळ आली नाही.

बंद कधी असतं ते पण बघून निघा. २ ऑक्टोबरला ड्राय डे. निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद. गणपती विसर्जनाला आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो आणि दुकानं-बार बंद राहतात. आणि बंद नसते तरी त्या दिवशी बारमध्ये कशाला बसायचं, बेळगावचं विसर्जन रात्रभर चालून दुसऱ्या दिवसापर्यंत जातं, कपिलेश्वर तलावाकडं जाणारी ती गर्दी, ढोलताशा, गल्ल्यागल्ल्यांचे गणपती, नवीन आलेल्यानं रात्री बाहेर पडायला वर्षातली ती सगळ्यात चांगली रात्र आहे. शिवजयंती पण चुकवू नका, चित्ररथांवर पोरं महिनाभर मेहनत घेतात.

पोरींसाठी

हे मी माझ्या वर्गातल्या दोघींना विचारून लिहितोय, माझ्या मनाचं नाही. त्या म्हणाल्या, जागा निवडताना फॅमिली सेक्शन, वॉशरूम त्याच मजल्यावर, आणि दारात रिक्षा थांबते की नाही हे तीन बघायचं. ग्लास टेबलावर सोडून गेलं तर परत आल्यावर तो प्यायचा नाही, नवीन मागवायचा, पैसे गेले तर गेले. एकटीनं निघायचं नाही आणि एकटीला सोडायचं नाही. रिक्षात बसल्यावर नंबरचा फोटो ग्रुपवर आणि लाईव्ह लोकेशन रूमवर पोचेपर्यंत चालू. बघणारे बघतात, बेळगाव अजून तेवढं मोठं शहर झालेलं नाही, त्याचा त्रास होतो हे खरं आहे, आणि बरोबरच्या पोरांनी त्यावर भांडण काढण्यापेक्षा जागा बदलून द्यावी, मॅनेजरला सांगावं. अडचण वाटली तर ११२ लावायला संकोच करायचा नाही.

येताना

प्यायलेल्यानं गाडी चालवायची नाही, एक बाटली असो की अर्धी. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, वर सांगितलेल्या हिशेबानं ती एका मोठ्या बाटलीत पार होते. पहिल्यांदा सापडलं तर १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा १५,००० आणि दोन वर्षांपर्यंत. पण दंडासाठी मी हे सांगत नाही. रात्री रिकामा दिसणारा खानापूर रोड सरळ आहे म्हणून पोरं सोडतात गाडी, आणि मधेच उसाचा ट्रॅक्टर दिवे नसताना उभा असतो. सीझनला, नोव्हेंबरापासून पुढं, हे रोजचं आहे. गाडी बारच्या वॉचमनला सांगून तिथंच ठेवा, सकाळी जाऊन आणा, त्याला चहाला पैसे द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या तिसऱ्या सेमिस्टरला एका मित्राला रूमवर आणला तेव्हा तो शुद्धीत नव्हता. आम्ही त्याला उताणा झोपवला, पांघरूण घातलं आणि झोपू दे म्हणून लाईट बंद करायला लागलो. खाली घरमालक राहायचे, मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले, आवाज ऐकून वरती आले. त्यांनी काही न बोलता आधी त्याला डाव्या कुशीवर वळवलं, वरचा गुडघा दुमडून पुढं टेकवला, हात गालाखाली घेतला आणि तोंड जरा खालच्या बाजूला केलं. पाच मिनिटांत तो ओकला. उताणा असता तर ते सगळं श्वासनळीत गेलं असतं, हे मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. मग खुर्ची घेऊन पहाटे चारपर्यंत तिथंच बसले, दर थोड्या वेळानं त्याच्या छातीकडं बघत, घड्याळावर श्वास मोजत. आम्हाला एक शब्द रागाचा बोलले नाहीत, सकाळी काकूंनी सगळ्यांना पेज दिली. 

तेव्हापासनं मी हे सगळ्यांना सांगतो. कुशीवर झोपवा, एकट्याला सोडू नका. हाक मारून, चिमटा काढून पण उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झाला किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ जात असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार, यातलं एक जरी दिसलं तर १०८ लावा. सिव्हिल म्हणजे बिम्सचं हॉस्पिटल गावातच आहे, नेहरूनगरला केएलई आहे, जे जवळ पडेल तिथं न्या. घरी कळेल, कॉलेजला कळेल याची भीती त्या वेळी बाजूला ठेवायची. डॉक्टरला किती प्यायला आणि बरोबर काय घेतलं ते खरं सांगायचं, गोळ्या, गांजा, काही असलं तरी सांगायचं. गांजावरनं आठवलं, कोण कितीही गोड बोलून देत असला तरी खिशात ठेवायला पण घेऊ नका, तो कायदा फार कडक आहे.

गोव्याचं काय

हा प्रश्न येणारच. खरे नाईटक्लब बघायचे असतील तर ते गोव्यात, चोर्ला घाटानं शंभर-सव्वाशे किलोमीटर. २१ झालेले असाल आणि जायचंच असेल तर एकच नियम, तिथं मुक्काम करायचा. जाऊन नाचून रात्री परत यायचं हा बेत करणाऱ्यांना मी हात जोडतो. जांबोटीच्या पुढं जंगल, वळणं, पावसाळ्यात धुकं, मोबाईलला रेंज नाही, पडलात तर सकाळपर्यंत कोणाला कळणार नाही. रेल्वेनं जा, गोवा एक्सप्रेस बेळगाववरनं जाते, लोंढ्याच्या पुढं घाटातनं, दूधसागरवरनं. आणि येताना स्वस्त म्हणून बाटल्या बॅगेत भरू नका, परवान्याशिवाय गोव्याची दारू कर्नाटकात आणणं गुन्हा आहे आणि कणकुंबीच्या नाक्यावर बॅगा उघडून बघतात. तोच नियम शिनोळीकडनं महाराष्ट्रात नेताना पण लागू होतो, आपला रोजचा रस्ता असला तरी बाचीच्या पुढं राज्य बदलतं.

शिवारात बसू नका

बारमध्ये पैसे जास्त जातात म्हणून पार्सल घेऊन शहराबाहेर शेतात बसायचं, हे बेळगावात खूप चालतं. येळ्ळूर रोड, शहापूर शिवार, अनगोळच्या मागचा भाग, रात्री गाड्या लावलेल्या दिसतात. उघड्यावर पिणं गुन्हा आहे ते तर आहेच. पण मला जे सांगायचंय ते वेगळं आहे.

ती जमीन कोणाची तरी असते. आमच्या भागात बासमती होतं, रोप लावायच्या वेळी गुडघाभर चिखलात अनवाणी उतरावं लागतं. चार वर्षांपूर्वी रोप लावताना आमच्या बाबांच्या पायात काच गेली, बिअरच्या बाटलीचा बूड, तपकिरी, अर्धचंद्रासारखा. बांधावर बसून त्यांनी पाय वर धरला तेव्हा चिखल आणि रक्त वेगळं दिसत नव्हतं. आठ टाके पडले, दोन महिने ते वाकून काम करू शकले नाहीत, लावणीची माणसं पैसे देऊन आणावी लागली. त्यानंतर आई दरवर्षी लावणीच्या आधी पोतं घेऊन बांधाबांधानं फिरते आणि काचा वेचते. मागच्या जूनमध्ये मी पण गेलो होतो, आमच्या एकट्याच्या तुकड्यात अर्धं पोतं भरलं, पाण्याच्या बाटल्या आणि चाकण्याची पाकिटं वेगळी.

रूमवर बसा, मालकांची परवानगी घेऊन. बारमध्ये नॉन-एसीला बसा, स्वस्त पडतं. आणि कधी चुकून तसं कुठं बसलातच तर बाटली फोडू नका, टाकू नका, बॅगेत घालून परत आणा. रिकामी बाटली कुठलाही भंगारवाला घेतो.